भरती, तिथी आणि परदेशी पाहुणा: करंजाड्याहून एका दिवसाच्या सहली

परदेशी पाहुण्याने स्थानिक मित्राच्या सोबतीने सुट्टीचा दिवस घालवणे आणि त्याच पाहुण्याने पर्यटन कंपनीच्या बसमधून तीच स्थळे पाहणे, या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसत असल्या तरी त्यांची आखणी निरनिराळ्या तत्त्वांवर होते. कंपनी स्थळांची यादी आधी ठरवते आणि त्या यादीला तारखा जोडते. मित्र आधी तारीख पाहतो आणि त्या दिवशी कुठे जाणे सोयीचे, हे नंतर ठरवतो. लेणे कोणत्या शतकातले, किल्ला किती उंच, ही माहिती आता कोणालाही खिशातल्या मोबाईलवर मिळते, त्यामुळे तेवढ्यासाठी मित्राची गरज उरलेली नाही. वर्षातले चार महिने पावसाच्या आणि दिवसातून दोनदा भरती-ओहोटीच्या ताब्यात असणाऱ्या कोकणपट्टीत मात्र एखाद्या ठिकाणी केव्हा जावे आणि केव्हा जाऊ नये, हे ज्ञान अजून बऱ्याच अंशी माणसांच्या बोलण्यातच राहिलेले आहे, आणि स्थानिक यजमानाचे खरे काम तेच पुरवण्याचे असते.

जपानमध्ये हे ज्ञान पुष्कळसे सार्वजनिक झालेले आहे. वसंतात साकुरा, म्हणजे चेरीचा मोहोर, फुलला की झाडांखाली बैठक मारून खाणेपिणे करण्याच्या सहलीला तेथे ‘हानामी’ म्हणतात, आणि ही सहल केव्हा काढायची हे ठरवण्यासाठी तेथील हवामान संस्था ठिकठिकाणी एकेक झाड नमुना म्हणून नेमून ठेवते. टोकियोचे असे झाड यासुकुनी देवस्थानाच्या आवारात असून त्यावर पाच-सहा फुले उमलली की शहरात मोहोर सुरू झाल्याचे अधिकृतपणे जाहीर होते आणि ती बातमी देशभर पोहोचते. तरीही जपानी मित्राचा उपयोग संपत नाही, कारण एप्रिलच्या अखेरीपासून ५ मेपर्यंत सुट्ट्यांची जी रांग लागते, आणि जिला तेथे ‘गोल्डन वीक’ हेच नाव रूढ आहे, त्या दिवसांत गाड्यांत आणि निवासस्थानांत जागा मिळणे किती अवघड असते, हे बाहेरून आलेल्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही.

याच संदर्भात जपानच्या इतिहासातील एक बदल मराठी वाचकाने ध्यानात घेण्यासारखा आहे. आपल्या पंचांगासारखेच चंद्र आणि सूर्य या दोघांची सांगड घालणारे पंचांग जपानमध्ये शतकानुशतके चालत आले होते; ते सोडून त्या देशाने १ जानेवारी १८७३ पासून इंग्रजी दिनदर्शिका स्वीकारली. परिणामी पूर्वी सातव्या चांद्रमासाच्या सप्तमीला येणारा तानाबाता हा सण आता अनेक ठिकाणी ७ जुलैला साजरा होतो. अभिजित आणि श्रवण या दोन ताऱ्यांची वर्षातून एकदा भेट होते, अशी या सणामागची कथा आहे. परंतु जुलैच्या आरंभी जपानच्या बऱ्याच भागात पावसाळा रेंगाळत असल्याने ज्या ताऱ्यांसाठी सण, तेच ढगाआड राहण्याची पाळी वारंवार येते. महाराष्ट्रात कचेरीचे काम इंग्रजी तारखेने चालत असले तरी सण तिथीनेच राहिले, आणि तिथी म्हणजे चंद्राची अवस्था असल्यामुळे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत समुद्राचे वेळापत्रकही आपोआप शाबूत राहिले. ही गोष्ट करंजाड्यासारख्या गावी राहणाऱ्या यजमानाच्या फार कामाची आहे.

करंजाडे हे पनवेल शहराला लागून असलेले, सिडकोने वसवलेले उपनगर होय. सिडको, म्हणजे नवी मुंबईची आखणी करणारे शासकीय महामंडळ, अशा वसाहतींना ‘नोड’ म्हणते. मूळ करंजाडे गाव, नव्या इमारतींची सेक्टरवार वस्ती आणि नवी मुंबई विमानतळासाठी ज्यांची गावे हलवली गेली अशा कुटुंबांपैकी काहींना दिलेले भूखंड, असे तिहेरी रूप या वस्तीला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली, तर त्याआधी १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूने उलवे-चिर्ले परिसर थेट शिवडीला जोडला गेला होता. २१.८ किलोमीटर लांबीच्या या पुलाचा सुमारे साडेसोळा किलोमीटरचा भाग समुद्रावर असून त्याच्या उभारणीसाठी ‘जायका’ या जपानी सहकार्य संस्थेने कर्ज दिले होते. म्हणजे पाहुणा जपानी असेल, तर त्याच्या देशाच्या पैशाचा हात लागलेले बांधकाम करंजाड्याहून जवळच आहे. सहलींच्या दृष्टीने मात्र करंजाड्याचे महत्त्व वेगळे आहे: पश्चिमेला उरणची खाडी आणि समुद्र, दक्षिणेला कर्नाळा, पूर्वेला प्रबळगड आणि माथेरानची रांग, ही सगळी ठिकाणे सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या टप्प्यात येतात.

परदेशी पाहुण्याच्या यादीत बहुधा पहिले नाव घारापुरीचे, म्हणजे एलिफंटाचे असते. युनेस्कोने १९८७ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेली ही शैव लेणी मुंबईची म्हणून जगभर ओळखली जात असली तरी बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते, आणि उरणकडच्या लोकांना तेथे जाण्यासाठी गेट वे ऑफ इंडियाचा वळसा घ्यावा लागत नाही. मोरा बंदरातून आणि न्हाव्याच्या बाजूने होड्या जातात. ही वाट जवळची आहे, पण ती भरतीच्या मर्जीवर चालते. मोरा बंदरात गाळ इतका साठतो की ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याला लागू शकत नाही, आणि भाऊच्या धक्क्याकडे जाणारी नेहमीची प्रवासी सेवासुद्धा पाणी चढेपर्यंत काही तास थांबवावी लागते. नकाशावर बंदर दिसते, होडीही दिसते; पाणी आहे की नाही, ते नकाशात दिसत नाही.

कोळीवाड्यांत भरतीची वेळ काढण्याचा जो हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तो सोपा आहे: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी; येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता आणि पौर्णिमा-अमावास्येला, पंधराच्या पाऊणपटीने, सव्वाअकराच्या सुमारास. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशोब तोच. आणि दिवसातून दोन भरत्या येत असल्याने मिळालेली वेळ सकाळ आणि संध्याकाळ दोन्हींना लागू पडते. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. या नियमात भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते असे गृहीत धरलेले आहे, तर प्रत्यक्षात ती सुमारे पन्नास मिनिटांनी सरकते, त्यामुळे पक्षाच्या अखेरीस हिशोब पाऊण-एक तास मागे पडतो. बंदर खात्याच्या छापील तक्त्याची बरोबरी तो करू शकत नाही. पण सहलीचा दिवस निवडायला तो पुरेसा आहे.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात, दोघांचे आकर्षण एकवटते आणि पाणी जास्त चढते, तसेच जास्त उतरते. या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हे आकर्षण एकमेकांशी काटकोनात येऊन भरती आणि ओहोटी यांतला फरक कमी होतो. हे भांगाचे दिवस. आता या दोन्हींचा उपयोग घारापुरीसाठी करून पाहावा. अष्टमीला भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे नेमका दुपारचा प्रवासाचा वेळ ओहोटीत जातो, परंतु भांग असल्यामुळे पाणी फार खाली जात नाही. पौर्णिमेला भरती भर दुपारी येते, त्यामुळे दहाच्या पुढे निघून तीनच्या आत परतणाऱ्याचे उत्तम जमते. पण ‘सूर्यास्त पाहून निघू’ म्हणणाऱ्या पाहुण्याची लाँच संध्याकाळच्या मोठ्या ओहोटीत अडकण्याची भीती असते. या सगळ्यात सोमवार तेवढा टाळावा, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात.

बेटावर गेल्यावर सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली सदाशिवाची तीन मुखांची भव्य मूर्ती सगळेच पाहतात आणि ती पाहण्यासारखीच आहे; पाच मीटरांहून अधिक उंचीच्या त्या मुखांपुढे फार स्पष्टीकरणाची आवश्यकता पडत नाही. स्थानिक मित्र असला तर शेतबंदर, मोराबंदर (उरणच्या मोरा बंदराहून वेगळे) आणि राजबंदर ही बेटावरची तीन गावेही दिसतात. मुंबईचे दिवे ज्या किनाऱ्यावरून रोज रात्री दिसत, त्या गावांत समुद्रतळावरून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटरच्या केबलमधून वीज पोहोचायला फेब्रुवारी २०१८ उजाडावे लागले. लेण्यांची घडण समजून घ्यायला पुस्तके पुष्कळ आहेत. या गोष्टीसाठी मात्र तेथल्याच एखाद्या खानावळीत जेवायला बसणे अधिक फलदायी ठरते.

यजमान आणि पाहुणा यांच्यातला फरक तिकिटाच्या खिडकीवर उघडा पडतो. पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतल्या जागतिक वारसास्थळी भारतीयाला ४० रुपये, तर परदेशी नागरिकाला ६०० रुपये शुल्क आकारले जाते. सार्क आणि बिमस्टेक या गटांतल्या शेजारी देशांचे नागरिक भारतीय दरात बसतात, जपानी बसत नाहीत. अशा वेळी यजमानाने ओशाळून दोन्ही तिकिटे स्वतःच काढणे ही आपल्याकडची रीत, आणि पाहुण्याने ते पैसे कसेही करून परत करणे ही जपानी रीत, यांची चढाओढ पाहण्यासारखी असते. दुसरी बाब कागदपत्रांची. परदेशी पाहुणा हॉटेलात न उतरता घरी मुक्कामाला असेल, तरीही त्याच्या आगमनाची माहिती ठरावीक नमुन्यात २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी यंत्रणेला कळवण्याची जबाबदारी घरमालकावर असते. हा फॉर्म ऑनलाईन भरता येतो. तो हॉटेलवाल्यांसाठीच असतो असा समज सोसायट्यांमधून सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे.

पावसाळ्याकडे वळले की केव्हा कुठे जावे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. मुंबई-गोवा महामार्गावर पनवेलपासून साधारण बारा किलोमीटरवर असलेले कर्नाळा हे १९६८ मध्ये स्थापन झालेले, महाराष्ट्रातले पहिले पक्षी अभयारण्य. वाटेवर शिरढोण लागते, जेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. स्थलांतरित पक्ष्यांसाठी कर्नाळ्याला हिवाळ्यात जावे, हा पुस्तकी सल्ला बरोबरच आहे, परंतु पनवेलच्या पक्षीमित्रांचा खरा हंगाम जूनमध्ये सुरू होतो, कारण तेव्हा तेथे तिबोटी खंड्या येतो. बोटभर लांबीपेक्षा फार मोठा नसलेला, पिवळे पोट, जांभळी छटा आणि पोवळ्यासारखी लाल चोच असलेला हा खंड्या मॉन्सूनच्या आगेमागे कोकणात दाखल होतो, ओढ्याकाठच्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ कोरून त्यात अंडी घालतो आणि पिल्ले उडू लागली की काही महिन्यांत निघून जातो. इतर बहुतेक खंड्यांच्या पायाला चार बोटे असतात, याच्या पायाला तीनच, म्हणून तो तिबोटी. रायगड जिल्ह्याने त्याला आपला जिल्हापक्षी मानले आहे. पिल्लांसाठी तो बेडूक, खेकडे, सापसुरळ्या असे भक्ष्य आणतो, आणि हे सारे पावसाळ्यातच मुबलक असल्यामुळे त्याचे वेळापत्रक पावसाला बांधलेले आहे.

जपानी पाहुण्याला खंड्याची ओळख वेगळ्या वाटेने असण्याचा संभव आहे. १९९७ मध्ये धावू लागलेल्या ५०० मालिकेच्या शिनकानसेन गाडीचे लांबट टोक खंड्याच्या चोचीवरून घडवलेले होते. भरधाव गाडी बोगद्यात शिरताना पुढची हवा दाबली जाऊन बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी मोठा आवाज होत असे. पाण्यात सूर मारताना खंड्या शिंतोडे फारसे उडवत नाही, हे हेरून एइजी नाकात्सू या पक्षीनिरीक्षक अभियंत्याने त्यावर उपाय काढला. अर्थात कर्नाळ्याच्या घरट्यापाशी ही कथा सांगायची तर हळू आवाजात आणि लांबून सांगावी, कारण जूनमध्ये तेथे छायाचित्रकारांची इतकी दाटी होते की पक्ष्याला बिळापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी ठेवणे हेच यजमानाचे पहिले काम होऊन बसते. कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्यावर आग्या माश्यांची पोळी असतात, तेथेही आवाजाचे आणि धुराचे पथ्य पाळावे लागते.

पावसाच्या तोंडावर, मेच्या अखेरीपासून पहिल्या जोरदार सरी येईपर्यंत, प्रबळमाची आणि सह्याद्रीच्या इतर माच्यांवर काजवे चमकतात. जपानमध्येही जूनच्या सुमारास ‘होतारू’ पाहायला नदीकाठी जाण्याची प्रथा असल्याने हा योग जपानी पाहुण्याला परका वाटत नाही. तेथल्या गेंजी जातीच्या काजव्यांविषयी एक गंमतीची नोंद आहे: पूर्व जपानमधले काजवे साधारण चार सेकंदांनी, तर पश्चिमेकडचे दोन सेकंदांनी लुकलुकतात. काजव्याच्या पोटातील ल्युसिफेरिन या द्रव्याचा ल्युसिफेरेज या विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, साहाय्याने प्राणवायूशी संयोग होतो आणि जवळजवळ उष्णताविरहित प्रकाश बाहेर पडतो. या प्रकाशाच्या खुणेने नर-मादी एकमेकांना शोधतात. मोटारीचे दिवे, टॉर्च आणि मोबाईल यांच्या उजेडात त्या खुणा बुडून जातात. काजवा महोत्सव या नावाने हल्ली जो गोंगाट चालतो, त्यात काजव्यांखेरीज सर्व काही ठळक दिसते.

एकदा पाऊस स्थिरावला की मात्र जाणत्या यजमानाने नकार द्यायला शिकले पाहिजे. खारघरचा पांडवकडा आणि गाढेश्वर धरणाचा परिसर अशा ठिकाणी बुडून मृत्यू होण्याच्या घटनांमुळे पावसाळ्यात पर्यटकांना बंदी घातली जाते, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती दरडीखाली गेली, तेव्हापासून या डोंगररांगेतल्या पावसाकडे केवळ मौजेच्या नजरेने पाहणे अवघड झाले आहे. बंदीचे आदेश मराठीत निघतात, ठिकाणानुसार आणि आठवड्यानुसार बदलतात, आणि इंग्रजीतल्या प्रवासस्थळांवर त्याच धबधब्यांचे ‘जुलैमध्ये अवश्य पाहा’ असे कौतुक चालू असते. परदेशी माणूस अशा विसंगतीत सहज फसतो.

तेवढ्या दिवसांत पनवेलचा बाजार हीच चांगली सहल होते. पहिल्या पावसाबरोबर आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात. सुरणाच्या कुळातला हा जांभळट कोंब चवीला उत्तम, पण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने नीट न शिजवल्यास घसा खवखवतो. म्हणून शेवळांच्या वाट्याबरोबरच काकडं नावाची आंबट हिरवी फळे विकली जातात. त्यांचा रस घातला की खाज मरते. नवख्याने नुसतीच शेवळं उचलली तर बाई स्वतःहून काकडं पुढे सरकवते. जपानमध्ये वसंतातल्या रानभाज्यांपैकी वाराबी या नेच्याचे कोंब राखेच्या पाण्यात भिजवून त्यांचा कडवटपणा आणि विषारी अंश काढून टाकतात, तेव्हा रानातले अन्न आधी ‘उतरवून’ मगच खायचे ही कल्पना दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्यामुळे या दिवसांत उरणच्या ताज्या मासळीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. नारळी पौर्णिमेला, म्हणजे श्रावणातल्या उधाणाच्या भरतीला, मोरा आणि करंजाच्या कोळीवाड्यांत समुद्राला नारळ अर्पण होतो आणि त्यानंतर मासळीचा बाजार पुन्हा भरू लागतो. उरणला गेलेच आहोत तर वाट थोडी वाकडी करून चिरनेरला जावे: २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन जेथे सत्याग्रही धारातीर्थी पडले, ते हे गाव.

हिवाळ्यातली सहल मात्र कोणत्याही स्थळाची नसून एका मडक्याची असते. भाताची कापणी झाली की ओलाव्यावर वाल पेरला जातो आणि पौष-माघात शेंगा भरतात. त्या वेळी पनवेलपासून अलिबागपर्यंतच्या शेतांत पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी आणि केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी, वर पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाला गच्च कोंबून मडके जमिनीवर पालथे घालतात आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ करतात. आत पाण्याचा थेंबही घातलेला नसतो. पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेवर सारे शिजते. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडतात. ‘चर्र’ असा आवाज होऊन ते लगेच उडाले की पोपटी झाली. पाहुणा शाकाहारी असल्यास कोंबडीवाचून काही अडत नाही. करंजाड्यात आणि आसपास जेथे इमारती उठल्या, तेथल्या शेतांबरोबर ही सोयही गेली, त्यामुळे आता यजमानाला पोपटीसाठी नेरे-मालडुंग्याकडच्या कोणाच्या तरी शेतावर ओळख काढावी लागते. चव शेंगेच्या कोवळेपणावर ठरते, आणि फाल्गुन लागेपर्यंत शेंग जून होते.

याच हंगामात प्रबळगड आणि कलावंतिणीच्या सुळक्याचेही दिवस येतात. कोरडा खडक, स्वच्छ हवा आणि सकाळचा गारवा यांचा मेळ डिसेंबर ते फेब्रुवारीत जमतो. ठाकूरवाडीतून प्रबळमाचीपर्यंत आणि तेथून खिंडीतून कातळात कोरलेल्या पायऱ्यांनी सुमारे ६८५ मीटर उंचीच्या माथ्यावर जाता येते. शिमग्याला माचीवरचे आदिवासी या सुळक्यावर चढून नाचतात, अशी प्रथा आहे, आणि तो दिवस पाहुण्याच्या मुक्कामात येत असेल तर इतर सर्व बेत बाजूला ठेवावेत. त्यानंतर मात्र कातळ इतका तापतो की नऊच्या आत माथा गाठून परत फिरणे भाग पडते. पायऱ्या उंच आणि अरुंद असून बाजूला कठडा नाही. चढताना हे जाणवत नाही, उतरताना जाणवते, म्हणून सवय नसलेल्या पाहुण्याला तोंड कातळाकडे करून, शिडी उतरावी तसे एकेक पाऊल खाली यायला सांगावे आणि यजमानाने त्याच्या पुढे, म्हणजे एक पायरी खाली, राहावे.